पेन्सिलीतले अभिप्राय

आमच्या कॉलनीच्या वाचनालयात एका घराला एकच कार्ड मिळत असे आणि एका कार्डावर सात दिवसांसाठी एक पुस्तक. बुद्धविहाराला लागून असलेल्या खोलीत तीन लोखंडी कपाटं होती, एक टेबल होतं आणि टेबलामागे पगारे काका. काका सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवत. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ते सायकलवरून थेट इथे येत, कुलूप काढत, नळावर हात धूत आणि मगच पुस्तकांना हात लावत. तरीही तिथल्या प्रत्येक पुस्तकाला मशीनच्या तेलाचा बारीक वास होता. कपाटांत पुस्तकं थोडी आणि कॉलनीत वाचणारे पुष्कळ, म्हणून एका घराला एक कार्ड हा नियम. आमच्या घराचं कार्ड अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर होतं. नंबर एकवीस.

पुस्तक घरात आलं की ते ज्या क्रमाने फिरे तो कोणी ठरवलेला नव्हता, पण तो बदलतही नसे. पहिले दोन दिवस अण्णांचे. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि वाचताना त्यांचे ओठ हलत. मग दोन दिवस भाऊ, माझा मोठा भाऊ. तो ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता आणि जाता-येता बसमध्ये वाचायचा. त्यामुळे पुस्तकात तिकीट सापडलं तर भाऊ कुठल्या पानापर्यंत पोचला ते कळत असे. मग मी. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, माझं वाचन अभ्यासात धरलं जाई, म्हणून मला कधी दोन दिवस मिळत तर कधी ओढून घेतलेले तीन. आईला वाचता येत नव्हतं. तिला गोष्ट जेवताना सांगितली जाई आणि ती मध्येच विचारायची, "मग त्या माणसाची आई काय करत होती इतका वेळ?" सातव्या दिवशी पुस्तक स्वयंपाकघरात फळीवर जाई, पिठाच्या डब्याशेजारी. तो दिवस वहिनीचा. संध्याकाळी सहाच्या आत ते परत करावं लागे.

वहिनीचं नाव मंगल. सटाण्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन आमच्याकडे आली होती. शिक्षण नववीपर्यंत. तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' यायचं आणि आई दर वेळी म्हणायची, "इथं शे नाही चालत गं, पोरी हसतात." हसणाऱ्या पोरींत मी पहिली होते. ती कळण्याची भाकरी फार सुरेख करायची. ज्वारीत सालीचे उडीद घालून दळलेलं ते काळसर पीठ, वर कच्चं तेल आणि तव्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा. अण्णा एकदा जेवता जेवता म्हणाले, "इतकी वर्षं आपण भाकरी खात होतो का दुसरंच काही?" आईने ताट बाजूला सारलं. मीही सारलं. हेव्याची पहिली आठवण म्हणून मला हे ताट आठवतं, पण तो हेवा किरकोळ होता. खरा पुढे आला.

आमच्या वाचनालयात एक रीत होती. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्याने अभिप्राय लिहायचा. काकांनी तसं कधी सांगितलं नव्हतं; उलट टेबलावर 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी होती. पण ते शेवटचं पान भरलं की काका स्वतः नवा कोरा कागद खळीने चिकटवून देत. लोक पुस्तक घ्यायला आले की आधी शेवटचं पान उघडत. 'वाचनीय.' 'छपाई बरी नाही.' 'दोनदा रडले, सौ. गांगुर्डे.' मी निळ्या शाईने लिहायचे आणि खाली पूर्ण नाव घालायचे, त्यापुढे कॉलेजचं वर्ष. माझे अभिप्राय मला आजही पाठ आहेत, कारण ते सगळे सारखेच होते. 'हृदयस्पर्शी कलाकृती! मन हेलावून टाकते.' पुढे वृत्तपत्रात मी इतरांच्या मजकुरातून ही दोन्ही वाक्यं आयुष्यभर काढत आले.

त्या वर्षी पाच पुस्तकांना सगळ्यात जास्त मागणी होती. पहिली एक जाडजूड कादंबरी. एका डॉक्टरची बायको बंगल्यात बसून परदेशी गेलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षं वाट पाहते आणि तो परत आल्यावर त्याला माफ करते. आम्ही तिला बंगल्याची कादंबरी म्हणायचो. तिच्यासाठी तीन महिने नंबर लागला होता. दुसरी एक रहस्यकथा. तिसरं, एका माणसाने हिमालयात केलेल्या भटकंतीचं वर्णन. चौथं पाककृतींचं पुस्तक. पाचवं आमच्यातल्याच एका माणसाचं आत्मकथन; ते घराघरांत मोठ्याने वाचलं गेलं. या पाचही पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर त्या वर्षात पेन्सिलीने लिहिलेले अभिप्राय दिसायला लागले. खाली नाव नसे.

बंगल्याच्या कादंबरीवर होतं: 'या घरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणीच भांडी घासत नाही. म्हणून बाईला रडायला वेळ आहे.' रहस्यकथेवर: 'खुनी कोण ते चौथ्या पानावर कळतं. तेवढ्या एकालाच खेड्याची बोली दिली आहे.' हिमालयावर: 'लेखक म्हणतो मी एकटा होतो. मग सामान कोणी उचललं?' पाककृतींवर: 'सगळं चार माणसांसाठी लिहिलं आहे. करणारी धरून की सोडून?' आत्मकथनावर दोनच शब्द होते. 'खरं आहे.' त्याच पुस्तकावर मी शाईने अर्धं पान लिहिलं होतं.

वाचनालयात हे पेन्सिलीतले अभिप्राय मोठ्याने वाचले जायला लागले. पाळी सुटून आलेली माणसं टेबलाशी उभी राहून विचारत, "काका, पेन्सिल आली का?" पुस्तकाचं नाव कोणी घेत नसे. शेजारच्या गांगुर्डे बाई म्हणाल्या, "मी दोनदा रडले होते ना, त्याची आता लाजच वाटते मेली." सगळे हसले. मी शेजारीच उभी होते. माझं पूर्ण नाव त्याच पानावर होतं आणि त्याबद्दल कोणी काहीच बोललं नाही.

पेन्सिल कोणाची, हे शोधायला मला फार डोकं लावावं लागलं नाही. पुस्तक मी फळीवर ठेवायचे तेव्हा शेवटच्या पानावर ती अक्षरं नसत. संध्याकाळी परत करायला न्यायचे तेव्हा असत. माझ्यानंतर घरात एकच वाचणारी होती. शिवणाच्या डब्यात, बटणांखाली, बोटभर पेन्सिल होती. मी ती पाहिली, होती तशी ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. वहिनीलाही नाही. आठ महिने.

त्या आठ महिन्यांत मी तिच्यासारखं लिहायचा प्रयत्न केला. एका पुस्तकावर लिहिलं, 'नायक जेवतो कधी?' त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'पान बावीसवर.' मग एकदा मी तिचा एक अभिप्राय रबराने खोडला. कागदाचा तेवढा भाग पातळ आणि खरखरीत झाला. आठवड्याने ते पुस्तक पाहिलं तर त्या जागेभोवती कोणीतरी चौकट आखून लिहिलं होतं: 'इथलं कोणी खोडलं? काय होतं?' खाली आणखी चौघांनी विचारलं होतं. माझ्या कोणत्याही वाक्याची इतकी चौकशी झाली नव्हती.

डिसेंबरात एका रविवारी दुपारी पगारे काका आमच्या दारात आले. अण्णा बाजारात गेले होते, भाऊ ओव्हरटाइमला, आई शेजारी. मी ओट्यावर बसले होते. आत वहिनीने स्टोव्हला पंप मारून भाकऱ्या टाकायला घेतल्या होत्या. स्टोव्ह असा भरभरत होता की बाहेरचं बोलणं आत जाणं शक्य नव्हतं. हे मी तेव्हाच लक्षात घेतलं होतं.

"जयभीम. काम तुझ्याशीच आहे, शैला," काका म्हणाले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीचे सगळे अभिप्राय उतरवले होते आणि प्रत्येकापुढे ते पुस्तक आधी कुठल्या कार्डावर होतं ते लिहिलं होतं. "हे बघ. दर वेळी एकवीस नंबर. तुमच्या घरून पुस्तक आलं की हे उगवलेलं असतं. आता वर्षअखेरच्या मेळाव्यात यंदाच्या पाच पुस्तकांवर बोलायचंय. कमिटी म्हणते, मास्तर नको, पुढारी नको, हा पेन्सिलवाला माणूस आणा. आणि त्याला स्वतःच्या नावाचं कार्ड द्यायचं. घराचं निराळं, त्याचं निराळं."

स्वतःच्या नावाचं कार्ड आमच्या कॉलनीत कोणाकडेच नव्हतं. स्वतःचं कार्ड म्हणजे स्वतःचे सात दिवस. घरात ते कोणाला हवे होते, हे मला माहीत होतं.

"तूच ना गं?" काका म्हणाले. "मी कमिटीला सांगितलं, त्या घरात कॉलेजला जाणारी तीच. दुसरं कोण असणार?"

"हो," मी म्हणाले.

"पण मग शाईनं लिहितेस ते? तिथं तर एवढं मोठं नाव घालतेस."

"पहिलं मत शाईत लिहिते, काका. मग विचार करून जे वाटतं ते पेन्सिलीत. त्याला नाव घालायचा संकोच वाटतो."

काकांनी मांडीवर थाप मारली. "बघ! म्हणून दोन अक्षरं! मी म्हणतच होतो, शाई आणि पेन्सिलीत हात निराळा चालतो माणसाचा."

पुढे बातमीदारीत हे मला अनेकदा दिसलं. खोटं सांगणाऱ्याला फक्त सुरुवात करावी लागते. पुरावा ऐकणारा स्वतःच आणून देतो. तेव्हा मला एवढंच कळलं की ते गेले आणि माझ्याकडे तीन आठवडे होते. आत गेले तेव्हा वहिनीने विचारलं, "कोण होतं ताई?" मी म्हणाले, "पगारे काका. मेळाव्याचं सांगायला आले होते."

मला पाच पुस्तकांवर अर्धा तास बोलायचं होतं आणि बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी वही घेऊन वहिनीजवळ पाट टाकून बसले. म्हटलं, कॉलेजात निबंध आहे. "त्या बंगल्याच्या कादंबरीबद्दल तुम्हाला काय वाटलं?" त्या घरात तिला कोणी असं काही विचारलं नव्हतं. मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. दोन भाकऱ्या करपल्या.

"ताई, त्या बाईकडं पाहुणे येतात, चहा होतो, जेवणं होतात. करतं कोन? एक गडी शे, तो नुसता दार उघडतो. बाई दिवसभर खिडकीत. लोकांना वाटंल मला तिचा राग शे. राग नाही. मला फक्त तिची खिडकी पाहिजे." तिने पिठाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. "लिहिलं का? खिडकीचं नका लिहू, तुमचे सर हसतील."

मी ते लिहिलं. ती माझी पहिली मुलाखत होती. वाक्यं मी जशीच्या तशी उतरवून घेतली, 'शे'च्या जागी 'आहे' घातलं.

मेळावा विहाराच्या सभागृहात दुपारी चार वाजता झाला. सतरंज्यांवर उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. बायकांत दुसऱ्या रांगेत आई आणि तिच्या शेजारी वहिनी. काकांनी माझी ओळख करून दिली: "आपल्या सगळ्यांना वर्षभर जिनं छळलं ती पेन्सिल ही!" टाळ्या पडल्या. आईने आजूबाजूला पाहून घेतलं. वहिनीने टाळ्यांसाठी हात उचलले होते, ते तिने मांडीवर ठेवले.

मी बोलले. भांडी, चौथं पान, सामान, चार माणसं. प्रत्येक ठिकाणी हशा आला, जिथे यायला हवा तिथेच. खिडकीचं वाक्य मी शेवटी ठेवलं होतं. ते म्हटल्यावर कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या त्या सगळ्यात मोठ्या टाळ्या होत्या. त्या चालू असताना मला तिचा जितका हेवा वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

मग सातपूरचा एक कामगार उठला. अंगावर पाळीचेच कपडे होते. "ताई, सगळं पटलं. एकच सांगा. नवरा एवढी वर्षं पत्ता देत नाही, परत येतो आणि ही त्याला माफ करते. ते बरोबर का चूक?"

हा प्रश्न मी वहिनीला विचारला नव्हता. मी म्हणाले, "हा ज्याच्या त्याच्या संवेदनशीलतेचा प्रश्न आहे."

"म्हणजे हो की नाही?"

लोक हसले. त्याच वेळी बायकांच्या दुसऱ्या रांगेत एक हात खांद्यापर्यंत वर आलेला मला दिसला. काका पुरुषांच्या बाजूला होते, त्यांना तो दिसला नाही. 'वहिनी, तुम्ही सांगा' हे तीन शब्द पुरले असते. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वेळ झाली आहे." हात खाली गेला. काकांनी माझ्या हातात कार्ड ठेवलं.

घरी आल्यावर आई शेजाऱ्यांना सांगायला गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. वहिनी पीठ मळत होती.

"वहिनी..."

"ताई, तुम्ही डोंगराच्या पुस्तकाचं चुकीचं सांगितलं."

"काय चुकीचं?"

"तुम्ही म्हटलं, लेखक खोटं बोलतो. मी तसं म्हटलं नव्हतं. तो खोटं नाही बोलत. सामान उचलणारा त्याला दिसलाच नाही, म्हणून तो एकटा. खोटं बोलणं निराळं शे." तिने परातीतून मान वर केली नाही. "तेवढं काकांना सांगून दुरुस्त करा."

मी कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, "नाव कोणाचं शे त्यावर?" ते तिला दिसत होतं. "मग तुम्हीच वापरा."

"त्या माणसाला तुम्ही काय सांगणार होतात?"

तिने गोळा करून थापायला घेतला. मग म्हणाली, "ते आता नाही सांगणार."

त्यानंतर कुठल्याही पुस्तकावर पेन्सिल दिसली नाही. काकांनी विचारलं तेव्हा मी परीक्षेचं सांगितलं. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हाही. मी बोलले त्या मेळाव्याला शहरातल्या एका लहान सायंदैनिकाचे मालक आले होते. त्यांनी मला पुस्तकांवर लिहायला सांगितलं आणि तिथून मी वृत्तपत्रात शिरले. नोकरीसाठी नाशिक सोडेपर्यंत माझ्याकडे स्वतःचं कार्ड होतं. वहिनी पूर्वीसारखी घराच्या पुस्तकाच्या सातव्या दिवशी वाचत होती. माझं कार्ड मी तिला पुन्हा एकदा देऊ केलं असतं तर कदाचित तिने घेतलं असतं. मी दिलं नाही. विसरले म्हणून नाही.

यंदा एका रविवार पुरवणीने, त्या एका वर्षी लोक काय वाचत होते यावर माझ्याकडून पाचशे शब्द मागवले. मी दिले. पुरवणी पाहणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, सोबत त्या वेळच्या एखाद्या साध्या वाचकाच्या चार ओळी मिळाल्या तर बरं. आहे कोणी?" मी वहिनीकडे गेले. ती आता मुलाकडे असते, गुडघे दुखतात, वाचते भरपूर. मी तोच प्रश्न विचारला. बंगल्यातल्या बाईने नवऱ्याला माफ केलं, ते बरोबर का चूक?

"छापणार का?" तिने विचारलं.

"हो."

"कोणाच्या नावानं?"

"तुमच्या."

"मग मीच पाठवते. पत्ता सांगा त्यांचा." मी पत्ता लिहून दिला. काय लिहिणार ते तिने मला सांगितलं नाही, दाखवलंही नाही.

रविवारी सकाळी सगळ्यांबरोबर मी ते वाचलं. माझ्या पाचशे शब्दांच्या वर, चौकटीत: 'माफ केलं हे नवरा सांगतो. शेवटच्या प्रकरणात त्या बाईच्या तोंडी एकही वाक्य नाही. तिला अजून कोणी विचारलेलं नाही. – मंगल साळवे, नाशिक.'

मी कपाटातून कादंबरी काढली आणि शेवटचं प्रकरण तपासलं. अकरा पानं. ती एकदा मान हलवते, एकदा दिवा लावते. बोलत नाही. ही कादंबरी मी चार वेळा वाचली आहे आणि दोनदा तिच्यावर लिहिलं आहे. पहिल्यांदा मनात आलं ते पश्चात्तापाचं काही नव्हतं. हे मला का दिसलं नाही, एवढंच आलं. आणि तोच हेवा, टाळ्या चालू असताना वाटला होता तो.

अकरा वाजता पुरवणीच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, या मंगलताई कोण? सकाळपासून लोक विचारताहेत. आम्हाला त्यांच्याकडून सदर हवंय, दर पंधरवड्याला. पत्रात फोन नंबर नाही. तुमच्याकडे आहे का?"

"हो," मी म्हणाले आणि नंबर सांगितला. तिने परत वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता आणि तो तिने नाही, मी चुकवला होता. माझ्या होकारासाठी ती थांबली होती. मी नंबर पुन्हा सांगितला, सावकाश, एकेक आकडा, आणि तिने तो लिहून घेईपर्यंत फोन धरून राहिले.